धुक्याचीं इंग्रजी नांवें

इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी ‘फॉग’ म्हणजे धुकें असें प्रथम पाठ करतो. पुढें एखाद्या कवितेंत त्याला ‘मिस्ट’ हा शब्द भेटतो. कोश उघडून पाहावा, तों त्याचाहि अर्थ धुकें. आणखी कांहीं दिवसांनीं ‘हेझ’ येतो, आणि त्याच्यासाठींहि कोशकार बहुधा धुक्याकडेच बोट दाखवितो. तीन निरनिराळीं नाणीं देऊन प्रत्येक वेळीं एकच जिन्नस पदरांत पडावा, तसा हा व्यवहार होतो. साहजिकच विद्यार्थ्याला वाटतें, कीं हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागीं खुशाल घालावेत. तसें केल्यास वाक्य व्याकरणशुद्ध राहतें, परंतु इंग्रज वाचक तेथें थबकतो. कारण ह्या तीन शब्दांनीं त्याच्या भाषेंत तीन वेगवेगळीं घरें केलेलीं आहेत. त्या घरांची ओळख करून घेणें हा भाषाभ्यासाचा मनोरंजक भाग तर आहेच. शिवाय ह्याच शब्दपरिवारांतील एका नांवाच्या इतिहासाशीं हजारों माणसांच्या जीविताचा संबंध आलेला आहे, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं.

प्रथम वस्तूचाच विचार केला पाहिजे. जमिनीलगतची हवा थंड झाली म्हणजे तिच्यांतील बाष्पाचे अतिसूक्ष्म जलबिंदु बनतात व ते तरंगत राहतात. आकाशांतला ढगच जणूं भुईवर उतरतो, तोच फॉग. हिवाळ्यांतील निरभ्र व निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें गमावते, तेव्हां एका प्रकारचें धुकें पडतें. उबदार व दमट वारा थंड समुद्रावरून वाहूं लागला म्हणजे दुसऱ्या प्रकारचें. मिस्ट हेंहि जलबिंदूंचेंच बनलेलें असतें. भेद काय तो दाटपणाचा. हवामानशास्त्रज्ञांनीं हा भेद अंकांनीं ठरवून टाकला आहे. १,००० मीटरांच्या आंतच दृष्टि अडली तर फॉग, त्यापलीकडचें दिसत असलें तर मिस्ट. हेझचा पिंड मात्र निराळा. त्यांत पाण्याचा अंश गौण असतो. धूळ, धूर, मीठ ह्यांचे कोरडे कण हवेंत पसरून दूरचे डोंगर फिके, निळसर किंवा तपकिरी दिसूं लागतात, त्या स्थितीला हेझ म्हणतात. भर उन्हाळ्यांत दुपारच्या वेळीं क्षितिज पुसट होतें, तें ह्या हेझमुळें. त्याला धुकें म्हणण्यास मराठी माणसाची जीभ वळणार नाहीं. ‘हवा धुंद झाली आहे’ किंवा ‘क्षितिज धूसर झालें आहे’ असेंच तो म्हणेल.

ह्या तीन मुख्य नांवांखेरीज प्रांतोप्रांतींचीं नांवें आहेत तीं वेगळींच. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून जें गार धुकें आंत शिरतें, त्याला तेथील लोक ‘हार’ म्हणतात. तेंच थोडें दक्षिणेस, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, आलें म्हणजे त्याचें नांव ‘फ्रेट’ होतें. ‘स्कॉच मिस्ट’ हें तर नांवापुरतेंच धुकें. वस्तुतः ती अंग भिजविणारी बारीक झिमझिम होय. ह्या शब्दाचा थट्टेनेंहि उपयोग होतो. डोळ्यांसमोर असलेली वस्तु जो सर्व घरभर शोधीत हिंडतो, त्याला इंग्रज गृहिणी विचारते, ‘मग हें काय, स्कॉच मिस्ट आहे?’ असे स्थानिक भेद मराठींतहि नाहींत असें नाहीं. शेतकऱ्याच्या तोंडीं धुक्याची ‘धुई’ होते, आणि आंब्याच्या मोहोरावर ती पडूं लागली म्हणजे बागाईतदार हवालदिल होतो. ज्याच्या पोटाशीं जें हवामान भिडतें, त्याचें वेगळें नांव तो ठेवतो. मग त्याचा देश कोणताहि असो.

शब्दांच्या कुळांकडे पाहिलें, तर ‘मिस्ट’ हा ह्या परिवारांतला खानदानी शब्द ठरतो. तो प्राचीन इंग्रजीपासून चालत आलेला आहे, आणि त्याचें मूळ संस्कृतांतील ‘मेघ’ ह्या शब्दाच्या मुळाशीं जाऊन मिळतें. ऋग्वेदांत धुक्याच्या अर्थीं आलेला ‘मिह्’ हा शब्दहि त्याच घराण्यांतला. म्हणजे जो शब्द परका म्हणून घोकला जातो, तो कालिदासाच्या मेघाचा दूरचा भाऊबंद आहे. तसेंच, जिचा आकार नीट कळत नाहीं अशा कल्पनेला इंग्रजींत ‘नेब्युलस’ म्हणतात. धुक्याचें लॅटिन नांव ‘नेब्युला’, त्यावरून हें विशेषण निघालें. आणि ‘नेब्युला’ व संस्कृत ‘नभस्’ हीं एकाच मुळाचीं अपत्यें होत. ‘फॉग’ची वंशावळ मात्र त्याच्या रूपाइतकीच अस्पष्ट आहे. सोळाव्या शतकांत तो इंग्रजींत दिसूं लागतो. स्कँडिनेव्हियाकडील भाषांतून तो आला असावा, असा तर्क आहे. ‘हेझी’ हें विशेषण सतराव्या शतकांत प्रथम दर्याच्या हवेसंबंधानें वापरलेलें आढळतें, आणि ‘हेझ’ हें नाम त्याच्या मागून आलें.

आतां लाक्षणिक अर्थांकडे वळावें. येथें तिन्ही शब्दांची वांटणी इतकी कांटेकोर आहे, कीं ती कोणीं बसून केलेली असावी असें वाटतें.

फॉग हा बुद्धीवर उतरतो. एखाद्या गोष्टीचा मुळींच पत्ता नसला, म्हणजे इंग्रज माणूस ‘फॉगी’ ह्या विशेषणाचें पराकाष्ठादर्शक रूप घेऊन ‘अत्यंत धूसर अशी कल्पनासुद्धां नाहीं’ असें सांगतो. सरळ प्रश्न शब्दांच्या पसाऱ्यांत दडवून टाकणाऱ्या वक्त्यानें तो प्रश्न ‘बीफॉग’ केला, असें म्हणतात. २०२० नंतर कोविडच्या दुखण्यांतून उठलेल्या पुष्कळ रुग्णांना विस्मरण, एकाग्रतेचा अभाव, बोलतांना नेमका शब्द न आठवणें, असे त्रास मागें राहिल्याचें आढळून आलें. ह्या स्थितीला ‘ब्रेन फॉग’ म्हणण्याची रीत पूर्वींपासून होती. परंतु ह्या काळांत तें रुग्णांच्या तोंडचें नांव वैद्यकीय लेखनांतहि सर्रास येऊं लागलें. अंगावर खूण नाहीं, ताप नाहीं, अशा दुखण्याला एक नांव मिळाल्यानें रोग्याचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें जाऊं लागलें. तेथें मिस्ट हा शब्द चालला नसता. मिस्टमध्यें वाट अंधुक होते, फॉगमध्यें ती हरवते.

मिस्ट हा भावनेच्या आणि काळाच्या प्रांतांत वावरतो. डोळे पाणावलेल्या माणसाला इंग्रजींत ‘मिस्टी’ नेत्रांचा म्हणतात. ज्या प्रथेचा आरंभ कोणालाच ठाऊक नाहीं, ती ‘काळाच्या मिस्टमध्यें’ हरवलेली असते. अज्ञान कबूल करण्याची ही मोठी सभ्य रीत आहे. क्रोधानें भान सुटलें, तर त्या क्षणीं डोळ्यांपुढें ‘रेड मिस्ट’ आला असें सांगतात. १८१९ सालीं कीट्सनें शरदृतूवर जें प्रसिद्ध स्तोत्र रचलें, त्याच्या पहिल्याच ओळींत मिस्ट आहे. तेथें फॉग घातला, तर पिकलेल्या फळांचा तो सगळा सुगंधी ऋतु कोंदट होऊन जाईल.

हेझचा संबंध स्मृतीशीं व इंद्रियांशीं. अर्धवट उरलेली आठवण ‘हेझी’ असते; मद्याच्या अमलाखालीं गेलेली रात्र ‘हेझ’मध्यें गेलेली असते. येथें मराठीनें आपल्या वाटेनें जाऊन तोच मुक्काम गांठला आहे, हें पाहून मौज वाटते. मराठींत हवाहि धुंद असते आणि मद्यपिहि धुंद असतो.

ह्यावरून भाषांतरकाराची अडचण कळून येईल. तिन्ही ठिकाणीं ‘धुकें’ घालून मोकळें होणें सोपें असतें, परंतु मग ‘तिच्या डोळ्यांत धुकें दाटलें’ अशीं वाक्यें जन्माला येतात, आणि नायिकेला मोतीबिंदु झाला कीं काय अशी वाचकाला शंका येते. मराठींत डोळे पाणावतात, मनावर मळभ येतें, बुद्धीवर पटल येतें, आठवण पुसट होते, आणि जुनी गोष्ट काळाच्या पडद्याआड जाते. एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द मांडणारा कोश ही सामग्री दाखवीत नाहीं. ती बोलणाऱ्याच्या कानांत असावी लागते.

ह्या सर्व रूपकांत एक गुण समान आहे, आणि तो वरवर पाहणाऱ्याला निरुपद्रवी वाटतो. धुक्याला कर्ता नसतो. धुकें पडतें, दाटतें, विरतें. तें कोणी पाडीत नाहीं. त्यामुळें ज्या गोष्टीला धुक्याचें नांव दिलें जातें, तिच्यासाठीं जबाबदार असा कोणी उरत नाहीं. प्रशियाचा सेनानी कार्ल फॉन क्लाउझेविट्झ ह्याचा युद्धमीमांसेवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३२ सालीं प्रसिद्ध झाला. सेनापतीला ज्या माहितीवर विसंबून निर्णय घ्यावा लागतो, तिचा बराचसा भाग धुक्यांत असतो, हा विचार त्यानें त्यांत मांडला. त्यावरून ‘फॉग ऑफ वॉर’ हा इंग्रजी वाक्प्रचार रूढ झाला. मूळ विचार खरा आहे. परंतु तोफा भलत्याच गांवावर चालल्या, तर चौकशीच्या वेळीं हेंच धुकें साक्षीला उभें राहूं शकतें. अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा ह्यांनीं व्हिएटनामच्या युद्धाविषयीं दिलेल्या दीर्घ मुलाखतीवर एरॉल मॉरिस ह्यांनीं २००३ सालीं बोलपट काढला, त्याला हेंच नांव दिलें आहे. त्याच देशाचें परराष्ट्र खातें १९४७ सालीं वॉशिंग्टनमधील नदीकांठच्या ज्या सखल वस्तींत गेलें, तिचें नांव ‘फॉगी बॉटम’. तें आधींपासूनचें नांव होतें. परंतु मुत्सद्द्यांच्या भाषेची थट्टा करूं पाहणाऱ्या वृत्तपत्रकारांना ह्याहून सोयीचा पत्ता मिळाला नसता.

कर्ता नाहींसा करण्याचा हा गुण केवळ रूपकापुरता राहिला असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचें कारण नव्हतें. लंडन शहराच्या बाबतींत तो प्रत्यक्ष हवेला लागू झाला.

लंडनची हवा कोळशाच्या धुरानें नासते आहे, हें गाऱ्हाणें जुनें आहे. १६६१ सालीं जॉन एव्हेलिन ह्यानें ‘फ्युमिफ्युजिअम’ ही पुस्तिका लिहून तें दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कानीं घातलें होतें. त्यानें धुराला धूरच म्हटलें होतें. परंतु एकोणिसाव्या शतकांत शहर अफाट वाढलें, घरोघरच्या शेगड्या व कारखान्यांच्या चिमण्या एकत्र धुमसूं लागल्या, थेम्सच्या खोऱ्यांतील धुक्यांत तो सगळा धूर मिसळूं लागला, आणि त्या पिवळ्या, झोंबणाऱ्या मिश्रणाला लोक नुसतें फॉग म्हणूं लागले. इतकेंच नव्हे, तर त्याला लाडकीं नांवें मिळालीं. वाटाण्याच्या दाट सारासारखें दिसतें, म्हणून तें ‘पी-सूपर’. ‘लंडन पर्टिक्युलर’ हें लंडनच्या बाजारासाठीं खास येणाऱ्या एका मदिरा जातीच्या मद्याचें नांव होतें. तें धुक्याला चिकटलें, १८५२–५३ मधील डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ कादंबरींत तें ह्या अर्थानें आलें, आणि पुढें धुक्यावरून तें वाटाण्याच्या साराकडे गेलें. १८९९ ते १९०१ ह्या वर्षांत क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार लंडनला येऊन तेथील धुक्यांतला प्रकाश रंगवीत असे. अशा रीतीनें तें मिश्रण शहराचें भूषण होऊन बसलें. ज्याचा अभिमान वाटूं लागला, त्याविरुद्ध तक्रार कोण करणार?

१९०५ सालीं डॉ. हेन्री आंत्वान दे व्हो ह्यांनीं लंडन येथील सार्वजनिक आरोग्याच्या परिषदेंत वाचलेल्या निबंधांत एक नवा शब्द पुढें केला. कोळशाच्या धुराविरुद्ध झटणाऱ्या संस्थेचे ते कार्यकर्ते होते. धूर म्हणजे ‘स्मोक’. त्याचें डोकें घेऊन त्याला ‘फॉग’चें शेपूट जोडलें, आणि ‘स्मॉग’ हा शब्द सिद्ध झाला. वृत्तपत्रांना तो गंमतीचा वाटला. परंतु त्या गंमतींत एक गंभीर काम होतें. फॉगला कर्ता नव्हता. स्मॉगमधील पहिलीं दोन अक्षरें चुलीकडे आणि चिमणीकडे बोट दाखवीत होतीं.

केवळ शब्द घडला म्हणून हवा स्वच्छ होत नाहीं. डिसेंबर १९३० मध्यें बेल्जममधील म्यूज नदीच्या खोऱ्यांत कारखान्यांचा विषारी वायु कोंडून सुमारें ६० माणसें मरण पावलीं. ऑक्टोबर १९४८ मध्यें अमेरिकेंतील डोनोरा ह्या कारखान्यांच्या गांवीं तशाच कारणानें २० माणसें दगावलीं. आणि ५ ते ९ डिसेंबर १९५२ ह्या पांच दिवसांत लंडनवर तें संकट आलें. वारा पडला होता. खालीं थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचें झांकण, अशी स्थिति झाली. थंडीमुळें घरोघर अधिक कोळसा जळत होता, आणि गंधकयुक्त धुराला वर जाण्यास वाट उरली नव्हती. बसगाडीपुढें कंडक्टर हातांत मशाल घेऊन चालत होता. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहांत प्रेक्षकांना रंगभूमि दिसेना, म्हणून चालू संगीतिकेचा प्रयोग थांबवावा लागला. तरीहि पुष्कळांना तें नेहमींचेंच, जरा अधिक दाट असें धुकें वाटलें.

मृत्यूची नोंद एकत्र केली तेव्हां खरा प्रकार कळला. नेहमींपेक्षां सुमारें ४,००० माणसें अधिक मेलीं होतीं. १९५३ च्या पहिल्या महिन्यांतहि मृत्युसंख्या चढलेलीच राहिली, तेव्हां सरकारनें ती इन्फ्लुएंझाच्या माथीं मारली. पुढच्या काळांतील संशोधकांनीं ते महिनेहि हिशेबांत धरून एकूण आंकडा १२,००० च्या आसपास नेला. इन्फ्लुएंझा हाहि धुक्यासारखाच सोयीचा. त्यालाहि मनुष्य कर्ता नसतो. अखेर सर ह्यू बीव्हर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. कांहीं विभागांत धूर करणेंच बेकायदा ठरलें. फॉगवर कायदा करतां येत नाहीं, धुरावर करतां येतो. जो भेद दे व्हो ह्यांच्या शब्दांत ५१ वर्षें पडून होता, तो मृतांची गणती झाल्यावर कायद्यांत उतरला.

पुढें ह्या शब्दानें आपलें राज्य वाढविलें. लॉस एंजेलिस येथें १९४३ पासून जी डोळे झोंबविणारी तपकिरी हवा साचूं लागली, तींत कोळशाचा धूर नव्हता आणि धुकेंहि नव्हतें. मोटारींचा धुरकट श्वास व तेलाच्या वाफा ह्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ती बनते, हें आरी हागेन-स्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९५० च्या सुमारास दाखवून दिलें. तरी नांव स्मॉगच राहिलें. उलट आग्नेय आशियांत निराळा प्रकार घडला. १९९७ सालीं इंडोनेशियांतील जंगलांत व दलदलीच्या जमिनींत लागलेल्या आगींचा धूर शेजारच्या देशांवर पसरला. त्याला तेथें ‘हेझ’ म्हणतात. २००२ सालीं त्या भागांतील राष्ट्रांनीं जो करार केला, त्याच्या मथळ्यांतहि हेझ हाच शब्द आहे. श्वास कोंडणाऱ्या धुराला दूरच्या डोंगरांवरील निळसर पुसटपणाचें नांव मिळालें, आणि आगपेटी कोणाच्या हातांत होती हा प्रश्न त्या नांवांतून गळाला.

हा विचार मराठी भाषेलाहि आतां परका राहिलेला नाहीं. ‘धूर’ आणि ‘धुकें’ ह्यांच्या मेळानें ‘धुरकें’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत येऊं लागला आहे. तो ऐकतांच उमगतो, आणि त्यासाठीं इंग्रजी शब्दाची उसनवारी करावी लागत नाहीं. परंतु हिवाळ्यांत मुंबईवर वारा मंदावतो, गाड्यांचा धूर व बांधकामाची धूळ खालींच साचते, आणि अशा दिवशींहि ‘शहरावर धुक्याची चादर’ असा मथळा वाचावयास मिळतो. चादर म्हटलें म्हणजे थंडीची ऊब आणि सकाळची शोभा मनापुढें येते. दम्याच्या रोग्याला मात्र ती वेगळीच जाणवते.

दोहोंची पारख करण्यास प्रयोगशाळेची गरज प्रत्येक वेळीं लागतेच असें नाहीं. जलबिंदूंचें धुकें बहुधा ऊन चढलें कीं विरून जातें, आणि त्याला जळका वास नसतो. दुपारचे बारा वाजून गेले, ऊन माथ्यावर आलें, आणि तरीहि समोरच्या रस्त्यापलीकडची इमारत पुसट दिसत असली व घसा खवखवत असला, तर त्या हवेला धुकें म्हणूं नये. तिला धुरकें म्हणावें, आणि धूर कोठून येतो हें लगोलग विचारावें.